बॅटरी उतरली की गेली? पाच हजार घालवण्याआधी हे बघा

[बोनेट उघडं. आधी फक्त आवाज: टक... टक-टक-टक-टक.]

ओळखलात आवाज? मी हा ऐकला गणपतीत, पहाटे साडेतीनला. डिकीत मखर, मागे पेंगणारी पोरं, आईच्या मांडीवर मोदकपात्र. उजाडायच्या आत पेण-वडखळ पार करायचं म्हणून सगळा आटापिटा, आणि गाडी नुसती टक-टक करतेय.

वॉचमन आला, खालच्या मजल्यावरचे काका बनियनवर आले, धक्का मारला, सुटली गाडी. वाटेत एका बॅटरीच्या दुकानात थांबलो. दुकानदारानं वरूनच बघितलं आणि म्हणाला, "गेली साहेब. नवीन टाका." गावाला जायची घाई. टाकली. पाच हजार दोनशे. जुनी त्यालाच दिली, दोनच वर्षांची होती.

तीन आठवड्यांनी, शुक्रवारी संध्याकाळी, पार्किंगमध्ये पुन्हा तोच आवाज. कोऱ्या बॅटरीवर.

म्हणजे जुनी गेलीच नव्हती. ती उतरली होती. उतरणं वेगळं आणि जाणं वेगळं, आणि हा फरक दुकानदार सांगेल या भरवशावर राहू नका.

असं समजा, बॅटरी म्हणजे हंडा. उतरली म्हणजे हंडा रिकामा झाला. भरा, पुन्हा कामाला लागेल. गेली म्हणजे तळाशी गाळ साचलाय. काठोकाठ भरलेला दिसतो, पण मावतं तांब्याभरच. हा गाळ म्हणजे आतल्या शिशाच्या प्लेटांवर घट्ट बसलेला सल्फेटचा थर. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली की तो बसतो. म्हणून उतरलेली "बघू पुढच्या रविवारी" म्हणून ठेवली, की ती खरोखरच जाते.

तिसरीही शक्यता असते. हंडा भरलेला, पण तोटी चोंदलेली.

[कॅमेरा टर्मिनलवर.]

हे बघा. पांढरट-हिरवं, मिठागरातल्या खड्यांसारखं जे फुललंय ना, ती तोटी चोंदलीय. स्टार्टरला एका क्षणात शंभर-दोनशे अँपिअर लागतात, ते या पपडीतून कसे जाणार? हा क्लॅम्प हातानं हलवतो. हलला! हलताच कामा नये. आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर काढायची, मग लाल. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशनं घासायचं. फेस येतो, येऊ द्या. पुसून कोरडं करायचं, लावताना लाल आधी, काळी शेवटी, वरून पेट्रोलियम जेलीचा हात. कपडे जुने घाला. माझ्या एका जीन्सला दुसऱ्याच धुण्यात भोकं पडली, ॲसिडचा थेंब उडालेला कळलाही नव्हता.

आता मीटर. साधा मल्टिमीटर, चारशे-पाचशेला मिळतो. वीस व्होल्ट डीसीवर ठेवायचा. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी, स्टार्ट करायच्या आधी मोजायचं. नुकतीच चालवून आणलेली बॅटरी खोटा आकडा दाखवते. १२.६ किंवा वर, भरलेली. १२.२, निम्मी. १२ च्या खाली, उतरलेली. आणि रात्रभर चार्ज करूनही आकडा साडेदहालाच अडकला, तर सहा सेलपैकी एक मेलाय. एका सेलचे साधारण दोन व्होल्ट, हिशेब जुळतो. मग मात्र नवीनच.

उभ्या गाडीचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. अगं, मार सेल्फ!

[बायको आत बसून किल्ली फिरवते. मीटर जवळून: १२.५... १०.४... १४.२]

दिसलं? सेल्फ मारताना १०.४ पर्यंत खाली गेला. ठीक आहे. भरलेली बॅटरी साडेनऊच्याही खाली कोसळली, तर हंड्यात गाळ आहे. आणि सेल्फ टक-टक करतोय पण आकडा साडेबाराला ढिम्म, तर करंट बाहेरच पडत नाहीये: टर्मिनल, अर्थिंगची वायर नाहीतर स्टार्टर. तिथे नवीन बॅटरी टाकून काय होणार? इंजिन सुरू झाल्यावर १४.२ आला, म्हणजे डायनॅमो, आजच्या भाषेत अल्टरनेटर, चार्जिंग देतोय. साडेतेराच्या वर चढत नसेल तर तो दाखवा.

एक हात जोडून विनंती. चालू गाडीची बॅटरीची वायर काढून "डायनॅमो चेक करतो" म्हणणारा मेकॅनिक भेटला, तर त्याचा हात धरा. जुन्या गाड्यांना चालून जायचं. आताच्या गाडीत व्होल्टेज उसळून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जाऊ शकतो, आणि त्याच्या किमतीत बॅटऱ्यांची रांग लागेल.

माझ्याकडे हे सगळं ठीक निघालं. टर्मिनल स्वच्छ, डायनॅमो ठणठणीत. मग गाडी झोपेत करंट पीत असणार. मीटर दहा अँपिअरवर घेतला, निगेटिव्ह वायर काढून ती वायर आणि बॅटरी यांच्या मधे मीटर जोडला. दारं बंद, किल्ली लांब, आणि अर्धा तास थांबलो, कारण गाडीतल्या सगळ्या कॉम्प्युटरांना झोपायला तेवढा वेळ लागतो. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही हां, मीटरचा फ्यूज उडतो. साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. माझा आकडा २९०.

फ्यूज एकेक करून काढत गेलो. आतल्या दिव्याचा फ्यूज काढला आणि आकडा धप्पकन तीसवर. त्याच फ्यूजवर ॲक्सेसरीवाल्यानं डॅशकॅमची वायर मारली होती, पार्किंग मोडसाठी, म्हणजे उभ्या गाडीतही रेकॉर्डिंग चालू राहावं म्हणून. हिशेब करा: पाव अँपिअरच्या वर, चोवीस तास, म्हणजे दिवसाला सहा अँपिअर-तास. बॅटरी ३५ ची. मी डोंबिवलीकर, आठवडाभर लोकल, गाडी रविवारीच निघणार. चार दिवसांत चोवीस गेले, उरलं काय? डॅशकॅममध्ये मात्र स्वच्छ रेकॉर्डिंग सापडलं, चार दिवस सोसायटीच्या भिंतीचं. त्याला लो-व्होल्टेज कट-ऑफवालं किट, म्हणजे बॅटरी उतरू लागली की डॅशकॅम आपोआप बंद करणारं, लागतं, ते आता लावलंय.

बरं, पहाटे गाडी अडलीच तर? मॅन्युअल असेल तर किल्ली ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून धक्का, वेग आला की क्लच सोडा. ऑटोमॅटिकला हा उपाय नाही. आणि डॅशबोर्डचा दिवाही लागत नसेल तर मॅन्युअलवरही घाम गाळू नका, पेट्रोल पंपाला आणि इंजेक्शनला करंटच नाही.

जंपर केबल, म्हणजे दोन गाड्यांच्या बॅटऱ्या जोडणाऱ्या जाड वायरी, असतील तर तुमची आणि मदतीला आलेल्याची, दोन्ही गाड्या बंद. लाल तुमच्या प्लसला, दुसरं टोक त्याच्या प्लसला. काळी त्याच्या मायनसला, आणि शेवटचं काळं टोक तुमच्या बॅटरीला नाही, इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. जोडताना ठिणगी उडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. त्याची गाडी पाच मिनिटं चालू ठेवा, मग तुमची मारा. सुटली की उलट क्रमानं काढा. लाल-काळ्याची अदलाबदल झाली तर फ्यूज आणि डायनॅमो दोन्हींचा बाजार उठतो, म्हणून अंधारात मोबाइलचा टॉर्च लावाच. आणि नंतर पार्किंगमध्ये दहा मिनिटं घूंघूं करून बॅटरी भरत नाही. रात्रभर चार्जरला लावा.

खरोखरच बदलायची असेल, म्हणजे तीन-चार वर्षं झालीत आणि मीटरही तेच म्हणतोय (नागपूर-चंद्रपूरवाल्यांनो, तुमची लवकर म्हातारी होते, उन्हाचा मार आहे), तर दोन गोष्टी बघा. वरची तारीख: दुकानात पडूनही बॅटरी उतरते, दोन-तीन महिन्यांच्या आतलीच मागा. आणि सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी असेल तर आधी होती तीच जात घ्या, ईएफबीला ईएफबी, एजीएमला एजीएम (अशा गाड्यांसाठीच्या दणकट बॅटऱ्यांच्या या दोन जाती). स्वस्तातली साधी तिथे टिकत नाही. वॉरंटी कार्डावर गाडी नंबर आणि शिक्का त्याच दुकानात घ्या, आणि वॉरंटीचा दुसरा भाग "प्रो-राटा" असतो, म्हणजे फुकट नाही, नुसती सूट, हे विचारून घ्या. जुनी बॅटरी देताना पैसे कापून घ्या. त्यातलं शिसं वितळवून पुन्हा वापरतात, ती भंगारात फुकट टाकायची चीज नाही.

नवी बसवली की घड्याळ बारावर जातं. काच एका दाबात वर जाणं बंद झालं तर घाबरू नका: काच पूर्ण वर न्या आणि बटण चार-पाच सेकंद तसंच धरून ठेवा, बहुतेक गाड्यांत तेवढ्यानं भागतं. माझ्या गाडीत घड्याळ लावायचं बटण कुठाय ते मला अजून सापडलेलं नाही. तुमच्याकडे हीच गाडी असेल तर खाली लिहा.