हातातल्या बॅगेतलं औषध

नमस्कार श्रोतेहो.

परदेशी फिरायला जायचं तर पन्नास माणसांची बस नको, दहा-पंधरा जणांचा छोटा ग्रुप बरा, असं म्हणणारे आता बरेच भेटतात. मलाही छोटा ग्रुपच आवडतो. पण त्याची तयारी थोडी वेगळी असते. मोठ्या सहलीत मुंबईपासून टूर मॅनेजर सोबत असतो. छोट्या ग्रुपला बहुतेक वेळा गाइड भेटतो तो थेट तिकडच्या विमानतळाबाहेर. तोवर आपलं आपणच बघायचं असतं.

म्हणून आज मुख्य गोष्ट एकच सांगणार आहे. रोजची औषधं हातातल्या बॅगेत ठेवा, आणि त्यांची मूळ नावं, म्हणजे कंपनीने दिलेलं नाही तर आतल्या औषधाचं नाव, कागदावर लिहून घ्या. पुन्हा सांगते. औषधं हातातल्या बॅगेत, मूळ नावं कागदावर.

दोन वर्षांपूर्वी आम्ही चौदा जण व्हिएतनामला गेलो होतो. मुंबईहून बँकॉक, तिथे विमान बदलून हनोई. आमच्यात साताऱ्याचे एक काका-काकू होते. काकूंचा हा पहिलाच परदेश प्रवास. हनोईच्या नोई बाई विमानतळावर सामानाचा पट्टा फिरत होता. एकेकाची बॅग येत होती, जो तो आपली उचलून बाजूला होत होता. शेवटी पट्टा थांबला आणि काकू तशाच उभ्या राहिल्या. त्यांची बॅग आलीच नव्हती. हातात एक कापडी पिशवी, त्यात चकल्या, डिंकाचे लाडू आणि शाल. मी विचारलं, "काकू, गोळ्या?" त्या म्हणाल्या, "बॅगेत गं. दहा दिवसांच्या दहा पुड्या बांधल्यात, वर तारखा घातल्यात. स्टीलच्या डब्यात."

इतकी निगुतीने केलेली तयारी! ब्लडप्रेशरची गोळी, थायरॉइडची गोळी, सगळं मोजून मापून. पण गोळ्या पाकिटातून काढून कागदाच्या पुडीत बांधलेल्या. म्हणजे डबा हाताशी असता, तरी त्या गोळ्या कसल्या हे तिकडच्या कुणाला कळलं नसतं. हेही लक्षात ठेवा. गोळ्या पाकिटातून काढू नका.

आधी आम्ही विमान कंपनीच्या काउंटरवर गेलो. बॅग आली नाही तर विमानतळातून बाहेर पडण्याआधी तिथे तक्रारीचा फॉर्म भरायचा. त्याला पीआयआर म्हणतात. त्याची प्रत आणि बॅगेच्या टॅगची चिठ्ठी जपून ठेवायची, कारण विमा कंपनी पुढे तेच मागते. काकांनी टॅगची चिठ्ठी बोर्डिंग पासला चिकटलेली तशीच ठेवली होती, म्हणून ते काम पंधरा मिनिटांत झालं.

हॉटेलवर पोचेपर्यंत रात्रीचे नऊ वाजले. काकूंना सकाळची गोळी तर घ्यायलाच हवी होती. गाइड आम्हाला होआन किएम तळ्याजवळच्या गल्लीत एका औषधाच्या दुकानात घेऊन गेला. तिकडे दुकानावर 'न्हा थुओक' अशी पाटी असते आणि हिरवा क्रॉस असतो. आत एक तरुण मुलगी होती. काकू मराठीतच सांगायला लागल्या, "एक पांढरी, बारकी, सकाळची." काकांनी गोळीचं आपल्याकडचं कंपनीचं नाव सांगितलं. मुलीने मान हलवली. ते नाव तिने कधी ऐकलंच नव्हतं, आणि ऐकणार तरी कसं? औषध तेच असतं, पण दर देशात कंपन्यांनी दिलेली नावं वेगळी असतात. क्वचित मूळ नावही वेगळं असतं, आपलं साधं पॅरासिटामॉल अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन म्हणून मागावं लागतं.

मग मला सुचलं. व्हिएतनाम आपल्यापेक्षा दीड तास पुढे, म्हणजे साताऱ्यात साडेसात. दवाखाना उघडा असणार. काकांनी फोन लावला. डॉक्टर पेशंटमध्ये होते, फोन कंपाउंडरने घेतला. त्याने केसपेपर काढला. डॉक्टरांचं अक्षर बाहेरच्या माणसाला लागायचं नाही, हे ओळखून त्याने कोऱ्या कागदावर इंग्रजीत मोठ्या छापील अक्षरांत औषधांची मूळ नावं लिहिली. अ‍ॅम्लोडिपिन, ५ मिलिग्रॅम. लेव्होथायरॉक्सिन, ५० मायक्रोग्रॅम. खाली दवाखान्याचा शिक्का मारला, केसपेपर दाखवून डॉक्टरांची सही घेतली, आणि कागद आणि केसपेपर दोन्हींचे फोटो पाठवले. मुलीने फोन हातात घेतला, वाचला, मागे वळली आणि खणातून दोन्ही औषधं काढून काउंटरवर ठेवली. काकूंनी पाकिटावरचं नाव फोनवरच्या नावाशी एकेक अक्षर ताडून पाहिलं, आणि मगच पर्स उघडली.

पैसे देताना आणखी एक झालं. तिकडचं चलन डाँग. त्यातली पाच लाखांची नोट निळी, वीस हजारांचीही निळीच. काकांनी वीस हजारांची म्हणून पाच लाखांची नोट पुढे केली. त्या मुलीने दोन्ही नोटा शेजारी शेजारी ठेवल्या, शून्यांवर बोट फिरवून दाखवलं आणि मोठी नोट काकांच्या हातात परत दिली.

इथे एक सांगावंसं वाटतं. आपल्याकडचे जुने कंपाउंडर आता कमी होत चालले आहेत. घरात कुणाला काय चालतं, कुणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे, हे तोंडपाठ असलेली ही माणसं. कुठल्याही अ‍ॅपला हे जमेल असं मला वाटत नाही. गावात असा कुणी असेल तर दिवाळीला फराळाचं ताट पाठवा त्याच्याकडे.

काकूंची बॅग तिसऱ्या दिवशी हॉटेलवर आली. घरी परतल्यापासून त्यांच्या पर्समध्ये कंपाउंडरने लिहिलेला तोच कागद घडी घालून असतो, मागच्या बाजूला मुलाचा नंबर लिहिलेला.

आता बाकीचं भराभर सांगते. पासपोर्ट परतीच्या तारखेपुढे निदान सहा महिने चालणारा हवा. व्हिएतनामच्या ई-व्हिसाच्या फॉर्ममध्ये नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच लिहा. लग्नाआधीचं नाव पासपोर्टवर असेल तर व्हिसावर तेच आणि विमानाच्या तिकिटावरही तेच. व्हिसाचा छापील कागद जवळ ठेवा. गाइडचा नंबर मोबाइलमध्ये तर ठेवाच, पण कागदावरही लिहा, कारण उतरल्यावर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.

पॉवर बँक हातातल्या बॅगेत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मोठ्या बॅगेत चालत नाहीत, २०२२ पासून आपल्याकडे तशी बंदी आहे. कुणी दुबईला निघालं असेल तर डिंकाच्या लाडवात खसखस घालू नका. तिकडे खसखस अमली पदार्थांत धरतात. फार कडक कायदा आहे.

खाण्याचं म्हणाल तर पहिल्याच दिवशी चिवड्याचे डबे उघडू नयेत असं माझं ठाम मत आहे. व्हिएतनाममधली सकाळ तिकडच्या वाफाळत्या सूपने सुरू करावी. शाकाहारी असाल तर 'आन चाय' एवढे दोन शब्द पाठ करा, म्हणजे शाकाहारी. तिकडे बरेच बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, त्यामुळे तुमचं म्हणणं त्यांना लगेच कळतं. फक्त माशाचा सॉस नको, हे वेगळं सांगा. तो भाजीतही पडतो.

हालाँगच्या खाडीत बोटीवर रात्र काढणार असाल तर एक छोटी पिशवी वेगळी भरा, केबिन लहान असतात. त्या पिशवीतही औषधं ठेवा. आणि पाकिटात वीस हजारांच्या नोटा एका कप्प्यात, पाच लाखांच्या दुसऱ्या.

नमस्कार.