वारा मोजणाऱ्या ॲना मणी

श्रोते हो, नमस्कार.

साताऱ्याहून ठोसेघरच्या वाटेनं चाळकेवाडीच्या पठारावर गेलं की पवनचक्क्याच पवनचक्क्या दिसतात. पवनचक्की कुठंही उभी करून चालत नाही. वारा किती उंचीवर, कोणत्या महिन्यात, किती वेगानं वाहतो, हे आधी मोजावं लागतं. देशात सातशेहून अधिक ठिकाणी हे मोजण्याचं काम ज्यांनी उभं केलं, त्या ॲना मणींबद्दल आज बोलायचं आहे.

जन्म १९१८ चा, त्रावणकोरातल्या पीरमेडचा. घरच्या रीतीप्रमाणे आठव्या वाढदिवसाला हिऱ्याच्या कुड्या आल्या. या मुलीनं त्या नाकारल्या आणि ज्ञानकोश मागितला, एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका! पुढं बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे आणि माणकांच्या वर्णपटांवर काम केलं, पाच शोधनिबंध लिहिले. प्रबंधही दिला. पण मद्रास विद्यापीठानं पीएच.डी. दिली नाही. कारण काय, तर एम.एस्सी. नाही! मला हे आजही सलतं. त्या मात्र १९४५ मध्ये लंडनला गेल्या आणि हवामानाच्या उपकरणांचं शास्त्र शिकून आल्या.

१९४८ मध्ये त्या पुण्याच्या वेधशाळेत रुजू झाल्या. तेव्हा साधी उपकरणंसुद्धा परदेशातून यायची. ॲनाबाईंनी जवळजवळ शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले आणि ती इथंच बनवून घेतली. हाताखाली १२१ पुरुष होते. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, असं त्यांचं ठाम मत. म्हणून प्रत्येक उपकरण ताडून पाहिल्याशिवाय बाहेर जायचं नाही. पाऊस किती झाला यावर धरणातून पाणी कधी सोडायचं हे ठरतं. कृष्णाकाठच्या माणसाला या काटेकोरपणाची किंमत वेगळी सांगायला नको.

पुढं ऊन मोजणारी केंद्रं, ओझोन मोजणारं यंत्र, थुंब्याच्या रॉकेटतळावरची वेधशाळा, अशी बरीच कामं त्यांनी केली. १९७६ मध्ये भारतीय हवामान खात्याच्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या, आणि वाऱ्याचं मोठं काम त्यानंतरचं. २००१ मध्ये त्या गेल्या.

शाळांतल्या गुरुजी-बाईंना एक विनंती. अंगणात पर्जन्यमापक बसवा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे मुलांना दाखवा. रोज सकाळी साडेआठला मुलींच्या हातूनही नोंद होऊ द्या.

नमस्कार.