गाडीच्या पोटाखाली

गोव्यात वाळपईहून आत वळलं, की डांबर फार वेळ साथ देत नाही. जांभ्याची चढण, तांबडा चिखल, मध्येच व्हाळ, म्हणजे ओढा, आणि पलीकडे कुळागर, म्हणजे सुपारीची बाग. सत्तरी तालुक्यात पिकअप लागते ती इथे. इसुझूची व्ही-क्रॉस घ्या नाहीतर टोयोटाची हायलक्स, तिचं आयुष्य ठरतं पोटाखाली. बॉनेट सगळेच उघडतात; खाली वाकून कुणी बघत नाही, याचं वाईट वाटतं.

ही मागची ॲक्सल. मधला गोल फुगवटा डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा. त्याच्या वर ही करंगळीपेक्षा बारीक नळी, म्हणजे ब्रीदर. व्हाळात शिरताना ॲक्सल तापलेली असते. गार पाणी लागताच आतली हवा आकसते, आणि ती जागा भरायला बाहेरून काहीतरी आत ओढलं जातं. ब्रीदर मोकळा असेल तर हवा. तो चिखलाने बुजला असेल, तर सीलच्या, म्हणजे ऑइल अडवणाऱ्या रबरी कडीच्या, कडेने पाणी. त्या दिवशी गाडी कुरकुरत नाही. बेअरिंग मात्र आतून गंजायला लागतं.

म्हणून खोल पाण्यातून आल्यावर मेकॅनिककडून डिफरन्शियलचा प्लग उघडून घ्या. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर पाणी मिसळलंय. लगेच बदला, पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत थांबू नका.

मग धुणं. चिखल पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये आणि चॅसीच्या भोकांत जाऊन बसतो, ओल धरून ठेवतो. किनाऱ्याकडच्या गावांत वर खारा वारा. तिथे साध्या पाण्याने खालून धुणं चुकवूच नका. फक्त प्रेशरचा फवारा सीलवर रोखून धरू नका. धुतल्यावर प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे मागच्या ॲक्सलला ताकद नेणाऱ्या लांब दांड्याच्या, क्रॉस-सांध्यांना, जिथे ग्रीस भरायची निपल आहेत तिथे, ग्रीस भरा. आणि किनाऱ्यावर गाडी नेण्याचा विषयच नको. गोव्यात त्याला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे.

पाण्यातून बाहेर पडताच हळू चालत ब्रेक दोन-चारदा हलके दाबा, म्हणजे ड्रम सुकतात. फोर-व्हील ड्राइव्ह महिन्यातून एकदा तरी मातीच्या रस्त्यावर लावून थोडं चालवा, नाहीतर जोडणी अडकून बसते. कोरड्या डांबरावर मात्र नको. वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू पाहतात, आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर, येतो.

चिखलासाठी टायरची हवा कमी केली असेल, तर हमरस्त्याला लागण्याआधी भरून घ्या. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि बाजूने फाटतो. हवा भरायचा छोटा पंप गाडीतच ठेवा. आतल्या वाटेवर पंक्चरवाला सापडत नाही.