नगरच्या फरारबाई

श्रोतेहो, नमस्कार.

आज जिच्याबद्दल बोलणार आहे, ती बाई अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायरमधली. गाव मार्लबरो, जन्म १७९५ चा, पेशा शिक्षिकेचा. नाव सिंथिया फरार. १८२७ साली, बत्तिशीत, ती मिशनरी म्हणून बॉस्टनहून जहाजात बसली आणि कलकत्तामार्गे मुंबईला आली. लग्न झालेलं नव्हतं. पुढेही केलं नाही.

त्या काळी हा प्रवास म्हणजे काय होता? सुएझचा कालवा व्हायला अजून बेचाळीस वर्षं होती. शिडाचं जहाज अटलांटिक उतरायचं, आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालायचं आणि महिनेच्या महिने पाण्यात काढून मग हिंदुस्थानचा किनारा दिसायचा. तिच्या आधी आलेल्यांचं काय झालं, हे बॉस्टनला सगळ्यांना ठाऊक होतं. १८१२ मध्ये निघालेल्या अमेरिकन मिशनऱ्यांच्या पहिल्या तुकडीत हॅरिएट न्यूवेल नावाची मुलगी होती. तिला मुलगीच म्हणायचं, निघताना अठरा वर्षांची. कलकत्त्याला कंपनी सरकारनं राहू दिलं नाही, म्हणून नवरा-बायको मॉरिशसकडे निघाले. वाटेत समुद्रात बाळ झालं आणि गेलं. मॉरिशसला पोचल्यावर तीही गेली. नवरा सॅम्युएल पुढे मुंबईला आला नि १८२१ मध्ये कॉलऱ्यानं वारला. दुसरा मिशनरी गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत उतरला, तर गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांनी परत जायला फर्मावलं. अर्ज-विनंत्या करत तो टिकला. त्याच वर्षी पार्लमेंटनं कंपनीच्या सनदेचा नवा कायदा केला आणि मिशनऱ्यांना दार उघडलं. हॉल तेरा वर्षं राबला. १८२६ च्या मार्चमध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर असताना कॉलऱ्यानंच गेला, एका खेड्यातल्या देवळाच्या ओसरीत.

हे सगळं माहीत असून पुढच्याच वर्षी सिंथिया निघते. श्रद्धा हा शब्द आपण सहज वापरतो, पण तिच्या बाबतीत तो या हिशेबानं मोजायला हवा.

तिला का पाठवलं, तेही ऐका. मुंबईत अमेरिकन मिशननं १८२४ मध्ये मुलींची शाळा काढली होती. शाळांची देखरेख मिशनऱ्यांच्या बायकांकडे होती. पण त्यांची बाळंतपणं, आजारपणं, घरची मुलं, आणि त्यात ही हवा! काम निभेना. तेव्हा बॉस्टनच्या बोर्डानं, म्हणजे मिशनरी परदेशी पाठवणाऱ्या संस्थेनं, अविवाहित शिक्षिका धाडायची ठरवली. परदेशी गेलेली अमेरिकेतली पहिली अविवाहित मिशनरी बाई म्हणून फरारबाईंचं नाव घेतात. मला यात एक दुरुस्ती करावीशी वाटते. बेट्सी स्टॉकटन नावाची कृष्णवर्णीय स्त्री, गुलामीत जन्मलेली, याच बोर्डाच्या तुकडीबरोबर १८२२ मध्येच हवाईला निघाली होती आणि तिथे लाहायना गावी तिनं सामान्य लोकांसाठी शाळा चालवली. ती एका मिशनरी कुटुंबाची मदतनीस म्हणूनही गेली होती, म्हणून पहिलेपणाच्या यादीत तिला मागे सारतात. असो.

मुंबईत बाई पोचल्या, तेव्हा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशसुद्धा छापून झाला नव्हता. तो आला १८३१ मध्ये. म्हणजे भाषा शिकायची ती पंडितासमोर बसून आणि मुलींच्या तोंडून. शाळेत शिकवायला ख्रिस्ती माणसं जवळजवळ नव्हतीच, त्यामुळे हिंदू पंतोजी पगारावर ठेवलेले असत. या व्यवस्थेतला पेच उघड आहे. वाचायला शिकवायचं ते बायबल वाचता यावं म्हणून, आणि अक्षरं गिरवून घेणार तो ज्याला बायबलशी काही देणंघेणं नाही असा माणूस! घरच्यांनाही सगळं कळत होतं. पोरगी शिकली तर वाईट काय, हा एक विचार. बाटवतील की काय, हा दुसरा. दोन्ही एकाच उंबऱ्यात उभे. नगरला १८३९ मध्ये हरि रामचंद्र खिस्ती या ब्राह्मण गृहस्थांनी बाप्तिस्मा घेतला. अशी बातमी एखाद्या पेठेत पसरली की दुसऱ्या दिवशी शाळेच्या हजेरीचं काय होत असेल, ते सांगायला नको.

आणि पत्रं! आज मुलगा अमेरिकेत असला तरी आई रात्री त्याचं जेवण व्हिडिओ कॉलवर बघते. बाईंनी मुंबईहून घरी पत्र टाकलं आणि त्याचं उत्तर हातात आलं, यात वर्ष सहज जायचं. आई आजारी असल्याचं वाचायचं, तेव्हा ती बरी झालेली असायची, किंवा गेलेली. १८३० मध्ये ‘ह्यू लिंडसे’ नावाची आगबोट मुंबईहून सुएझला गेली, मग जमिनीवरून टपाल जाऊ लागलं आणि हे अंतर हळूहळू आटलं. परक्या मुलुखातल्या या माणसांच्या कष्टांत उन्हाचं वर्णन फार होतं. मला वाटतं, या टपालानं त्यांना अधिक पोखरलं असेल.

दहा वर्षांत तब्येत ढासळली, तेव्हा बाई मायदेशी गेल्या. जमलं असतं तिथेच राहायला, कुणी नावं ठेवली नसती. १८३९ मध्ये त्या परत आल्या, या वेळी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला.

इथं गोष्टीला वळण लागतं, आणि ते त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला जोतीराव फुले नावाचा तरुण मित्राबरोबर नगरला आला आणि फरारबाईंची मुलींची शाळा पाहून गेला. अमेरिकन मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात १८५३ साली जोतीरावांच्या तोंडची ही हकिकत आली आहे. शाळा पाहून त्यांना समाधान वाटलं आणि आपल्या देशातल्या बायका अशा शिकत नाहीत याची खंतही. १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचं शिक्षण नगरला फरारबाईंकडे घेतलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात.

जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. बाईंनी बत्तीस वर्षांच्या वयात घर सोडलं, ते या देशातल्या माणसांनी येशूला स्वीकारावं म्हणून. त्याबद्दल त्यांच्या मनात संदिग्धता नव्हती, आणि आपणही ते झाकून त्यांना नुसती समाजसेविका करू नये. त्यांच्या हिशेबवहीत पुण्याची ती शाळा कोणत्या बाजूला मांडायची, हा प्रश्न त्यांचा होता. आपल्या हिशेबात ती जमेलाच आहे, आणि एवढ्यासाठी त्यांचा धर्म मान्य करण्याची किंवा त्यावर रागावण्याची गरज मला तरी भासत नाही.

जानेवारी १८६२ मध्ये नगरलाच त्या वारल्या. वय सहासष्ट. सहा वर्षांनी, १८६८ मध्ये, बॉस्टनला बायकांनी स्वतःचं मिशन बोर्ड काढलं, स्वतः पैसे जमवून, आणि अविवाहित बायका परदेशी पाठवणं ही नेहमीची गोष्ट होऊन बसली. शतक सरेपर्यंत अमेरिकेच्या परदेशी मिशनऱ्यांत बायका निम्म्याहून अधिक होत्या. त्यातल्या कितीतरी जणी मराठी मुलुखात आल्या, शाळा-दवाखान्यांत राबल्या आणि सोलापूर, सातारा, नगर इथल्या बोलीत घासाघीस करून भाजी घेऊ लागल्या.

नमस्कार.