त्यांच्या नादी कशाला लागलास?

(दृश्य: जिल्हा परिषद शाळेचं पटांगण, मधली सुट्टी, खिचडीची रांग)

रांगेत शेवटून तिसरा, हातात ताट घेतलेला मुलगा बघा. मागून कोपर लागतं आणि तो रांगेबाहेर जातो. परत येतो, परत तेच. कॅमेरा समोर असताना हे चाललंय. नसताना काय होत असेल?

गाव बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातलं, बालाघाटाच्या कुशीतलं. मुलगा सहावीत. त्याचं नाव आम्ही सांगणार नाही, चेहराही दाखवणार नाही. आई-वडील सांगलीकडे ऊसतोडीला गेलेत, तो आजीजवळ राहतो. वर्गात त्याला नावानं कुणी हाक मारत नाही. 'ए कोयता' म्हणतात.

(दृश्य: चूल, भाकरी थापणारी आजी)

दप्तराचा बंद तुटला तेव्हा आजीला कळलं. तिचा पहिला प्रश्न होता, "तू त्यांच्या नादी कशाला लागलास?"

(दृश्य: फोनचा स्पीकर, शेजारी बसलेला मुलगा पाठमोरा)

वडिलांचा फोन उसाच्या फडातून येतो. "तू बी हाण की! रडत घरी आलास तर बघ." मग आई बोलते, "चार म्हैने काढ, लेकरा. आमी आलो की बघू."

ही माणसं निर्दयी नाहीत. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलीय, ती फिटल्याशिवाय फड सोडता येत नाही. एवढ्या लांबून जे सुचलं ते तिघांनी सांगितलं. पण तिन्ही उत्तरांत सगळा भार मुलावरच आला. त्यानं सांभाळून राहायचं, त्यानंच मारायचं, त्यानंच सोसायचं. त्यानंतर घरात विचारलं की त्याचं एकच उत्तर असायचं, "काय न्हाई."

ढकलणाऱ्या मुलाच्या वडिलांनाही आम्ही भेटलो. त्यांनी चित्रीकरणाला नकार दिला.

(दृश्य: पत्र्याची तक्रारपेटी, कुलूप)

आता ही पेटी. आधी ती मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दारात टांगलेली होती. चिठ्ठी टाकायला गेलेलं पोरगं साऱ्या शाळेला दिसायचं, म्हणून कुणी जायचंच नाही. वर्गशिक्षिकांनी पेटी वर्गात आणली आणि नियम केला, शनिवारी प्रत्येकानं एक घडी घातलेला कागद टाकायचा. सांगायचं असेल तर लिहायचं, नसेल तर कोरा टाकायचा. कागद सगळेच टाकतात, त्यामुळे लिहिलं कुणी हे कळत नाही. किती साधी युक्ती! मराठवाड्यातल्या प्रत्येक शाळेनं ती उचलावी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

(दृश्य: टेबलावर उघडलेले कागद, बहुतेक कोरे)

पेटी उघडताना मॅडमबरोबर शाळा व्यवस्थापन समितीतली एक आई असते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश पालक असायला हवेत आणि निम्म्या महिला. शिवाय 2022 च्या शासन निर्णयानं शाळाशाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमायला सांगितलंय. कागदावर एवढी माणसं मुलांसाठी उभी आहेत. इथं त्यातली एक खरोखर येऊन बसते, चष्मा लावून एकेक चिठ्ठी वाचते.

एका चिठ्ठीत लिहिलं होतं, 'हापशावर त्याची बाटली फेकतात.' ही चिठ्ठी त्या मुलाची नव्हती. बघणाऱ्या कुणीतरी लिहिली होती.

मॅडमनी दोघांना वर्गासमोर उभं करून हात मिळवायला लावलं नाही. दोघांशी वेगवेगळं बोलल्या. खिचडीच्या रांगेजवळ रोज एक शिक्षक उभा राहू लागला. आणि त्या आजीकडे गेल्या.

(दृश्य: ओसरी, मॅडम आणि आजी)

"मावशी, त्यानं काय केलं ते नका विचारू. काय झालं ते विचारा. सगळं बोलू द्या, मग त्यालाच विचारा, आता काय करायचं."

आजी म्हणाली, "आमाला असं कुणी इचारलंच न्हाई कदी."

ढकलाढकली थांबली. मधले काही आठवडे मुलगा शाळेत आला नव्हता, आता येतो. वर्गाच्या भिंतीवर 1098 हा मुलांसाठीच्या मदतीचा नंबर लिहिलाय.

(दृश्य: उसाच्या मोळ्यांनी भरलेला ट्रॅक्टर)

कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की आई-वडील परततील. तेव्हाच्या पालकसभेला मॅडमनी त्यांना बोलावलंय, आणि ढकलणाऱ्या मुलाच्या वडिलांनाही.