पानं गेली तर जाऊ द्या, खोड सांभाळा

नमस्कार मंडळी. वाळवंटात केळी, ती पण पाणी गोठवणाऱ्या थंडीत, असा विषय आहे म्हटल्यावर निम्मे लोक तर हा माणूस नेमकं सांगतो काय ते बघायलाच आले असतील. मी काही शास्त्रज्ञ नाही. बागेचं वेड आहे, आणि मुलगी अमेरिकेत ॲरिझोनात फिनिक्स शहराच्या कडेच्या वस्तीत राहते, तिच्याकडे हिवाळ्यात जाणं होतं. तिथं परसात केळी लावणारी बरीच मंडळी आहेत, त्यांच्यात मिसळलो, मातीत हात घातले, आणि मग लक्षात आलं की अरे हे तर आपल्या निफाडच्या लोकांच्या कामाचं आहे.

फिनिक्सचं हवामान आधी सांगतो. उन्हाळ्यात कहर, २६ जून १९९० ला तिथं ५० अंश नोंदलं गेलंय. आणि त्याच शहरात जानेवारी १९१३ मध्ये पारा उणे ८.९ पर्यंत गेला होता. आता शहराच्या मध्यभागी सिमेंट एवढं झालंय की तिथं फारसं गोठत नाही, पण कडेच्या वस्त्यांत, सखल जागी, डिसेंबर-जानेवारीत काही पहाटे शून्याखाली जातातच. आपल्याकडे राजस्थानात चुरूला जा, तीच कथा, मे-जूनमध्ये भट्टी आणि हिवाळ्यात गोठवणारी थंडी.

असं का होतं? दिवसभर तापलेली जमीन रात्री ती उष्णता आकाशात सोडते. ढग असले, हवेत बाष्प असलं, तर ते गोधडीचं काम करतात, उष्णता खाली राहते. वाळवंटात गोधडीच नाही. आकाश स्वच्छ, हवा कोरडी, वारा पडलेला, मग जमीन भराभर गार होते आणि गार हवा जड असते म्हणून खाली साचते. गंमत म्हणजे वरची हवा उबदार राहते. मुलीच्या घरी कंपाऊंडच्या भिंतीवर डोक्याच्या उंचीला थर्मामीटर आहे, तो ३ अंश दाखवतो आणि खाली गवतावर पाणी गोठलेलं असतं. त्यामुळे मोबाईलवर ‘आज किमान ३’ दिसलं की निवांत झोपायचं नाही, हे पहिलं.

दुसरं, दव. आपल्याकडे पहाटे दव पडतं ते पिकाला थोडं वाचवतं, कारण बाष्पाचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि पारा घसरायचा वेग कमी होतो. तिकडच्या कोरड्या हवेत दव पडायच्या आधीच पान शून्याखाली जातं. पांढरं हिमसुद्धा दिसत नाही. सकाळी उठून बघावं तर पान हिरवंगारच असतं, जरा जास्तच गडद, हात लावला की ओलसर आणि लुळं, उजेडाकडे धरलं तर आरपार दिसल्यासारखं. पेशींमधलं पाणी गोठून पेशी फुटलेल्या असतात. दुपारपर्यंत तेच पान काळपट होऊन लोंबायला लागतं आणि चार दिवसांत खाकी कागद.

आता इथं बहुतेक लोक हाय खातात आणि विळा घेऊन सगळं कापून टाकतात. थांबा.

केळीचं खोड हे खरं खोड नाहीच, पानांचे देठ एकावर एक गुंडाळलेले आहेत, हे आपल्या खानदेशातल्या पोरालासुद्धा माहीत असतं. खरा जीव खाली कंदात असतो. वाढीचा कोंब बरेच महिने जमिनीच्या पातळीलाच बसलेला असतो, आणि ३०-४० पानं टाकून झाली की मग तो फुलोरा घेऊन खोडाच्या पोटातून वर चढतो आणि बाग निसवते, म्हणजे घड बाहेर पडतो. पानं जळली तर जळू देत, खोड टिकलं तर वसंतात तिथूनच नवीन पान येतं आणि झाड पुढच्या मोजणीला लागतं. पण खोड मुळापर्यंत गोठलं, कोंबही सडला, की बाजूचा मुनवा, म्हणजे कंदाला फुटलेलं पिल्लू, पहिल्यापासून सुरुवात करतो. तो निसवायच्या आत पुढचा हिवाळा येतो, परत जमीनदोस्त, परत मुनवा. अशी दर वर्षी हिरवीगार दिसणारी पण कधीच घड न देणारी केळी मी तिकडे कितीतरी परसात बघितली, आणि मालक म्हणतात आमच्याकडे केळी येत नाही हो. येईल कशी? तुम्ही तिला वर्ष पुरंच होऊ देत नाही.

तर खोड वाचवायचं कसं. तिकडचे जाणते लोक कोंबडीच्या जाळीचा गोल पिंजरा करतात, खोडापासून वीतभर लांब, आणि त्यात वाळलेला पालापाचोळा नाहीतर पेंढा गच्च भरतात. पाचोळा कोरडाच पाहिजे, ओला झाला की आत सड लागते. खोडाच्या उंचीएवढा भरला तर उत्तम, नाही जमलं तर कंबरेएवढा तरी. नुसतं प्लॅस्टिक गुंडाळणाऱ्यांनी लक्ष द्या, प्लॅस्टिक पानाला चिकटलं की तिथं पान जास्त जळतं, आणि दिवसा ऊन लागलं की आत वाफारा. जुनी चादर, गोणपाट बरं. चादर संध्याकाळी सूर्य मावळता मावळता टाकायची आणि जमिनीपर्यंत न्यायची, म्हणजे जमिनीतून वर येणारी ऊब आत अडकेल. फक्त डोक्यावर टोपी घातल्यासारखी टाकून उपयोग नाही. सकाळी ऊन आलं की काढायची. काही जण चादरीच्या आत जुन्या काचेच्या बल्बांची माळ सोडतात, ती तापते म्हणून. एलईडीची माळ सोडाल तर रोषणाई होईल, बाकी काही नाही.

जागा तर लावतानाच ठरते. दक्षिणेला तोंड असलेली भिंत, विटांची नाहीतर दगडी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, भिंत दिवसभर तापते आणि रात्री सोडते. पश्चिमेची भिंत नको, मे-जूनमध्ये ती केळीला भाजून काढेल, तिकडे तर उन्हाळ्यात दुपारची सावली द्यावीच लागते, शेडनेट लावतात.

पाण्यावर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथंच आहे. हिवाळ्यात केळीची वाढ थंडावते, १३-१४ अंशांच्या खाली तर जवळजवळ थांबतेच, मग ती पाणी पिणार कुठून? रोज ड्रिप चालू ठेवलं तर गार चिखलात मुळं आणि कंद कुजतात. म्हणून पाणी कमी करायचं, वाफसा बघून द्यायचं, म्हणजे मातीत चिखल नको, नुसती ओल हवी. पण ज्या रात्री गोठणार असं दिसतंय त्याच्या आदल्या दिवशी मात्र जमीन चांगली भिजवायची, दुपारच्या आत, कारण ओली जमीन कोरडीपेक्षा जास्त उष्णता साठवते आणि रात्री ती वर देते. द्राक्षवाले पहाटे ड्रिप सोडतात, ते पण बरोबरच आहे, विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं. एरवी पाणी तोडायचं आणि गोठणाऱ्या रात्रीच्या तोंडावर द्यायचं, या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटतात पण नाहीत.

तिकडे आणखी एक त्रास क्षारांचा. पाणी खारट, पाऊस वर्षाला जेमतेम १८० मिलिमीटर, त्यामुळे मीठ धुऊन जायला काही नाही. थोडं थोडं पाणी दिलं की वर पांढरी पापडी येते आणि पानांच्या कडा करपतात, लोकांना वाटतं थंडीने झालं. त्याला उपाय म्हणजे उन्हाळ्यात अधूनमधून भरपूर, खोल पाणी देऊन मीठ मुळांच्या खाली ढकलणं. खाली चुन्याचा कडक थर असतो, कॅलिची म्हणतात त्याला, तो पहारीने फोडल्याशिवाय पाणी खाली जातच नाही.

शेकोट्यांचं काय, असं समोरून एका दादांनी विचारलं, निफाडचेच निघाले. दादा, शेकोटी पेटवा पण धुरासाठी नको. धूर दाटला की उष्णता अडते असं आपण सगळे धरून चालतो, पण जमिनीतून निघणारी उष्णता धुराला फारशी जुमानत नाही. काम करते ती जाळाची ऊब, आणि जाळामुळे वरची उबदार हवा खालच्या गार हवेत मिसळते ते. म्हणून एक मोठी होळी पेटवली तर तिची गरम हवा सरळ वर निघून जाते, तेवढ्याच लाकडांच्या बागेत पसरलेल्या लहान लहान शेकोट्या केल्या तर फायदा जास्त. ओला पाला टाकून नुसता धूर करणं म्हणजे स्वतःच्या डोळ्यांना त्रास. हे काही जणांना पटणार नाही, मला माहितीये.

जाती. तिकडच्या नर्सरीत कुंडीवर ‘राजापुरी’ अशी पट्टी बघितली आणि हसूच आलं, आपली बेळगावकडची राजापुरी! बुटकी, खोड जाड, थंडी-वारा बऱ्यापैकी सोसते म्हणून तिला तिथं मागणी आहे. दुसरी ओरिनोको नावाची, भाजीची केळी, ती पण चिवट. ज्या जातींमध्ये रानटी बाल्बिसियाना केळीचं रक्त जास्त त्या थंडी आणि कोरडेपणा जास्त झेलतात. आपली बाजारातली ग्रँड नैन पूर्ण दुसऱ्या बाजूची, म्हणजे अक्युमिनाटा नावाच्या दुसऱ्या रानटी केळीची, ती नाजूक. आणि बास्जू नावाची जपानी केळी म्हणून ऑनलाइन विकतात, ती कंदावर पाचोळा घातला तर बर्फातूनही फुटते, पण फळ खाण्याजोगं नाही. शोभेसाठी घ्यायची तर घ्या.

आता थंडी ओसरल्यावर काय करायचं. जळलेली पानं लगेच काढू नका, वाईट दिसली तरी ती खालच्या खोडावर पांघरूण असतात. आपल्याकडे म्हणतात ना, महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते, तोवर थांबा. मग धारदार सुरीने वरून चकत्या घ्यायच्या. पहिली चकती तपकिरी, पिचपिचीत, वास मारणारी. आणखी चार बोटं खाली, बाहेरच्या कड्या तपकिरी पण मधे पांढरा ठिपका. आणखी खाली गेलं की पूर्ण पांढरी, घट्ट, कापताना चरचर आवाज येणारी आणि चिक गळणारी चकती. तिथं थांबायचं. केळी जिवंत असेल तर मधला गाभा काही तासांत बोटाच्या पेराएवढा वर सरकलेला दिसतो, बाजूच्या कड्या तिथंच राहतात. नाही सरकला तर आठवडाभर वाट बघा, मग खाली आणखी कापा. मात्र फुलोरा आधीच खोडात चढलेला असेल आणि तो गोठला असेल तर त्या खोडाला आशा नाही, ते काढा आणि मुनव्याला जागा द्या.

एका ताईंनी विचारलं, गंगापूर रोडला बंगला आहे, आमच्याकडे तर गोठत नाही, मग केळी पिवळी का पडते? ताई, केळीला त्रास व्हायला शून्य लागतच नाही. १० च्या खाली काही रात्री सलग गेल्या की पानं पिवळी पडतात, नवीन पान अडकत येतं, निसवण खोडाच्या गळ्यात अडकते. जळगावकडे पण हिवाळ्यात हीच रड असते, म्हणून तर ते वारा अडवायला बागेभोवती शेवरीची झाडं लावतात आणि घडाला पिशवी घालतात. तुम्ही ऑक्टोबरनंतर युरिया बंद करा, पोटॅश चालू ठेवा, आणि निसवण थंडीत येणार नाही अशा बेताने लागवड करा.

मुनवे आणलेत, टेबलावर आहेत, राजापुरीचे. अरुंद टोकदार पानांचे घ्या, रुंद पानांचे दिसायला छान पण कंद कमजोर असतो. आता थंडीच्या तोंडावर जमिनीत लावू नका, मोठ्या कुंडीत भिंतीच्या आडोशाला ठेवा, पाणी बेताचं, आणि फेब्रुवारीच्या शेवटी जमिनीत. एका घरात एकच, मागे रांग मोठी आहे.