भिवापूरची छोटी लाइन

[दृश्य: स्टेशनची पिवळी पाटी, अगदी जवळून]

भिवापूर. पाटीवर हे नाव देवनागरीत दोनदा लिहिलंय. मराठीत ‘पू’ दीर्घ, हिंदीत ‘पु’ ऱ्हस्व, आणि खाली इंग्रजी. नागपूर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, उमरेड सोडून नागभीडकडे निघालं की हे गाव लागतं.

[दृश्य: जुनं चित्रण. रूळ ओलांडणारं पाऊल]

दोन रुळांमधलं अंतर बघा. अडीच फूट. मोजून 762 मिलीमीटर. मुंबई-हावडा लाइनवर हेच अंतर 1676 मिलीमीटर, म्हणजे दुपटीहूनही जास्त. म्हणून ती मोठी लाइन, ब्रॉडगेज, आणि ही छोटी, नॅरोगेज.

[दृश्य: जुना नकाशा. नागपूरपासून रेघ सरकत जाते]

मुंबईकडून रेल्वे नागपूरला पोहोचली 1867 साली. पुढे राजनांदगावपर्यंत मीटरगेज, म्हणजे मीटरभर रुंदीची लाइन, टाकली गेली. 1887 मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने ती लाइन ताब्यात घेऊन रुंद केली आणि कलकत्त्याच्या दिशेने नेली. पण नागपूरच्या खालच्या अंगाचा हा मुलूख, धानाचा, जंगलाचा, मिरचीचा, बाजूलाच राहिला होता. मधल्या काळात मध्य प्रांताने दोन मोठे दुष्काळ सोसले, 1896-97 चा आणि 1899-1900 चा. जिथे रेल्वे होती तिथे धान्य नेता आलं. जिथे नव्हती तिथे बैलगाडीच्या चाकावर सगळं अवलंबून.

मग छोटी लाइनच का? कारण ती स्वस्त पडते. रूळ हलके, पूल लहान, आणि वळण आखूड घेता येतं. वर्दळ कमी असलेल्या भागात ब्रॉडगेज टाकायला तेव्हा कोणी तयार नव्हतं. 1908 साली नागपूरचं इतवारी स्टेशन ते नागभीड ही नॅरोगेज सुरू झाली. शंभराहून अधिक किलोमीटरची. कुही, उमरेड, भिवापूर अशी तालुक्याची गावं तिने एका दोरीत ओवली. नागभीडला उतरलं की पुढे ब्रह्मपुरी, वडसा, मूल, चांदा, हवं तिकडची गाडी मिळायची.

[दृश्य: मिरचीचा सातरा. डोळ्यांत मावणार नाही इतका लाल रंग. देठ खुडणारे हात]

हा सातरा. इथे मिरची वाळते, बायका बसून देठ खुडतात, प्रतवारी होते, पोती भरली जातात. भिवापुरी मिरचीला आता भौगोलिक मानांकन आहे, पण तिचं नाव बाजारात त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. आमच्या कॅमेरावाल्याला इथे दहा मिनिटंसुद्धा ठसक्याशिवाय उभं राहता आलं नाही. या बायका दिवसभर बसतात.

छोट्या लाइनची एक अडचण मात्र पहिल्या दिवसापासून होती. छोट्या डब्यातला माल मोठ्या लाइनवर तसाच जाऊ शकत नाही. लांबच्या पल्ल्याचं प्रत्येक पोतं इतवारीला उतरवायचं, पाठीवर घ्यायचं, शेजारच्या मोठ्या लाइनच्या मालडब्यात चढवायचं. तेच पोतं, दोनदा हमाली. रस्ते सुधारले, ट्रक आले, तेव्हा माल हातचा गेला तो यामुळेच, असं आम्हाला वाटतं. उरले ते प्रवासी.

[दृश्य: तळहातावर पुठ्ठ्याचं तिकीट]

हे तिकीट आमच्या आजोबांच्या पत्र्याच्या डब्यातलं. जाड पुठ्ठा, जेमतेम सव्वादोन इंच लांब. खिडकीमागे लाकडी कपाट असायचं. त्यात प्रत्येक गावाचा वेगळा खण, आणि खणात तिकिटांची चवड, अनुक्रमांकाने लावलेली. बाबू तिकीट ओढायचे, तारखेच्या यंत्रात सरकवायचे. खट्. तारीख उमटली. गाडी गेली की प्रत्येक चवडीचा पुढचा क्रमांक वहीत लिहायचा. सकाळचा आकडा आणि आताचा आकडा, यांच्या वजाबाकीतून कळायचं की आज किती जण इतवारीला गेले, किती उमरेडला. खिडकी, वही आणि एक माणूस, एवढ्यावर हिशेब चोख राहायचा.

[दृश्य: जुनं चित्रण. डब्याच्या दारात पाटी, पिशव्या, दप्तरं]

(निवेदन नाही. गाडीचा आवाज चालू ठेवावा.)

[दृश्य: मोतीबाग, नागपूर. संग्रहालयातलं वाफेचं इंजिन]

नागपूरच्या मोतीबागेत 2002 पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे. इंजिनं, डबे, कंदील नीट जपलेत. मुलांना जरूर दाखवा. पण स्टेशन असं उचलून संग्रहालयात नेता येत नाही. ते गावातच जपावं लागतं.

[दृश्य: नवा भराव, खडी, जेसीबी]

25 नोव्हेंबर 2019 रोजी ब्रॉडगेजच्या कामासाठी ही लाइन बंद झाली. तेव्हापासून गावकरी एसटीने नाहीतर काळीपिवळीने जातात.

ब्रॉडगेज हवी. तिच्याबद्दल आमचं दुमत नाही. इतवारीची ती दुहेरी हमाली शंभर वर्षांनी का होईना, संपेल. आमचं मागणं वेळापत्रकाचं आहे. छोटी गाडी लहान गावांना थांबायची. नव्या लाइनवरही सकाळी नागपूरला नेणारी आणि संध्याकाळी परत आणणारी पॅसेंजर हवी, आणि तिने भिवापूरला थांबावं, भिवापूरच्या आधीच्या आणि नंतरच्या लहान स्टेशनांवरही थांबावं. नुसती कोळशाची मालगाडी समोरून धडधडत गेली, तर गावाला काय मिळालं? आणि जुनी स्टेशनं पाडण्याआधी एकदा त्यांची मापं, फोटो, वह्या, जे काही उरलंय ते गोळा व्हावं.

[दृश्य: संध्याकाळ. सातऱ्यावरचं काम सुटलंय. पदराने हात पुसत बायका रस्त्याकडे निघाल्यात]

पाच वाजून गेलेत. उमरेडची एसटी अजून आलेली नाही.

[दृश्य: रस्त्याच्या कडेला थांबलेली माणसं. कॅमेरा हलवू नये. संगीत नको.]